पापणी का उघडेना: मण्यारीच्या दंशाचं एक प्रकरण

सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी बरीच वर्षं काम करतोय. हे प्रकरण गणपतीतलं. रुग्णाच्या घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, तरी ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि एकदोन किरकोळ तपशील बदलले आहेत. या मुलाचं निदान स्कॅनवर झालं नाही, रक्ताच्या रिपोर्टवरही झालं नाही. शाळेत आपण सगळ्यांनी चेतापेशीची जी आकृती काढली, तिच्या एकेका भागावर बोट ठेवत ते झालं. म्हणून ते सविस्तर लिहावंसं वाटलं.

मुलगा 17 वर्षांचा, मुंबईत बारावी सायन्सला. गणपतीला सगळं घर गावी आलेलं. चिऱ्याचं जुनं घर, बाहेर खळं, खळ्याच्या कडेला लाकडांची रास आणि मागे गवताची उडवी. चौथ्या रात्री भजन एक वाजेपर्यंत चाललं. माणसं जास्त, खाटा कमी. पोरं ओटीवर चटया टाकून ओळीने झोपली. पहाटे चारच्या सुमारास याच्या पोटात कळ आली, एक उलटी झाली. मोदक जास्त झाले असतील म्हणून ओवा-मीठ दिलं. साडेपाचला आरतीच्या तयारीसाठी हाक मारली तर तो उठून बसला, पण डोळे उघडेना. जागरणाची झापड, असं सगळे म्हणाले. आजी म्हणाली नाही.

सकाळी 6:40 ला रिक्षातून त्याला उतरवलं तेव्हा पहिलं वाक्य आजीचंच होतं. "तेचे डोळेच उघडणत नाय डॉक्टरानू. जागराण झाला म्हणतत सगळे, पण ह्या जागराण न्हय."

तो शुद्धीवर होता. नाव विचारलं तर सांगितलं, पण आवाज नाकातून. दोन्ही पापण्या बुबुळाच्या मध्यापर्यंत उतरलेल्या. वर बघ म्हटलं की डोळे न हलता कपाळाला आठ्या पडत होत्या. उताणा झोपवून मान उचलायला सांगितली, उशीपासून बोटभरसुद्धा उचलली गेली नाही. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, कारण गिळताच येत नव्हती. मग मी त्याला एक मोठा श्वास घेऊन त्याच श्वासात आकडे मोजायला सांगितले. निरोगी तरुण पोरगा सहज 30 च्या पुढे जातो. हा 14 ला थांबला.

पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली तर "टोचतंय" म्हणाला. गुडघ्याचा प्रतिक्षेप, म्हणजे गुडघ्याखाली ठोकलं की पाय आपोआप उडणं, शाबूत होता. ताप नाही, मान आखडलेली नाही. अंगावर कुठे सूज नाही. चाव्याची खूण बॅटरी आणि भिंग घेऊन केसांच्या मुळापर्यंत शोधली. ती अखेरपर्यंत सापडली नाही. साप कोणी पाहिला नव्हता.

मुंबईच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टर, जीबीएस तर नाही ना?" जीबीएस म्हणजे गिलन-बारे सिंड्रोम, चेतांना इजा होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार. 2025 च्या जानेवारीत पुण्यात त्याची साथ आल्यापासून हा प्रश्न येतोच, आणि तो चुकीचाही नाही. त्याचं उत्तर द्यायचं तर चेतापेशीच्या आकृतीकडे जावं लागतं.

डोळ्याची पापणी वर उचलणारी चेतापेशी डोळ्यात नसते. तिची पेशीकाया मेंदूच्या देठात, मध्यमेंदूत असते. श्वासपटल हलवणाऱ्या पेशींच्या पेशीकाया मानेतल्या मज्जारज्जूत. पायाचं बोट हलवणाऱ्या कमरेच्या पातळीवर. पेशीकायेत केंद्रक आणि प्रथिनं बनवणारे निस्सल कण. पेशीचं सगळं उत्पादन इथे होतं. पेशीकायेला फुटलेल्या बारीक फांद्या म्हणजे वृक्षिका. हजारो ठिकाणांहून येणारे संदेश त्यांच्यावर उतरतात. आणि एकाच बाजूने निघतो तो लांब अक्षतंतू, जो स्नायूपर्यंत जातो. कमरेतून पायाच्या पंजापर्यंत जाणारा अक्षतंतू जवळजवळ एक मीटर भरतो, आणि त्याची पेशीकाया मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून लहान. पेशीकाया नारळाएवढी धरली तर अक्षतंतू दोन किलोमीटर लांब होईल. आपल्याकडचा एखादा वहाळ उगमापासून खाडीपर्यंत जेवढा जातो, तेवढा. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे ते कामी येणार आहे.

आता प्रश्न असा की या लांबलचक पेशीत बिघाड नेमका कुठे?

पेशीकाया मरू शकते. पोलिओत तेच होतं. विषाणू मज्जारज्जूतल्या पेशीकायाच मारतो आणि तो हात, तो पाय कायमचा जातो. पण त्यात ताप येतो, एका बाजूचा एखादा अवयव जातो, आणि 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झालेला आहे. मेंदूच्या वरच्या भागात काही झालं असतं तर शुद्ध हरपली असती, बोलणं विस्कटलं असतं. हा मुलगा नाकातून का होईना, नीट उत्तरं देत होता.

अक्षतंतूवरचं मायलिन जाऊ शकतं. काकांचा जीबीएस प्रामुख्याने तिथला. श्वान पेशी अक्षतंतूभोवती गुंडाळी करून हे चरबीयुक्त आवरण तयार करतात आणि मध्येमध्ये उघड्या फटी ठेवतात, त्या रॅनव्हिएच्या गाठी. आवेग गाठीवरून गाठीवर उड्या मारत जातो. माणसाच्या हातापायाच्या चेतांमध्ये तो सेकंदाला 50 ते 60 मीटर पळतो, तर मायलिन नसलेल्या बारीक तंतूंत जेमतेम एक-दोन मीटर. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून हे आवरण कुरतडायला लागली की जीबीएस होतो. पण तो बहुधा पायांपासून वर चढतो, प्रतिक्षेप लवकर जातात आणि हे सगळं व्हायला दिवस लागतात. आमच्या मुलाचं उलट होतं. पापणीपासून खाली, प्रतिक्षेप शाबूत, आणि तेही तीन तासांत.

अक्षतंतूच्या पडद्यातली दारं बिघडू शकतात. कोकणात राहणाऱ्याला हा भाग शिकवायला पुस्तक लागू नये. आवेग म्हणजे अक्षतंतूच्या पडद्यात सोडियमची दारं ओळीने उघडत जाणं. विश्रांतीत आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण 70 मिलिव्होल्टने ऋण असते. दारं उघडली की सोडियम आत घुसतो आणि हा फरक क्षणभर उलटतो. हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी 1952 साली हे उलगडलं ते माकुलाच्या (स्क्विड) जातीच्या प्राण्यावर, कारण त्याचा एक अक्षतंतू अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो. मासेमारांची जाळी फाडणारा तो केंड मासा, त्याच्या विषाने हीच सोडियमची दारं बंद होतात. आणि लाल विंचवाच्या विषाने ती मिटता मिटत नाहीत. चेता भडकून राहतात, घामाच्या धारा लागतात, हृदय थकतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्या भडक्यावर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध लागू पडतं हे दाखवलं आणि कोकणातली कितीतरी पोरं वाचली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या रुग्णाला मात्र विंचवाची वेदना नव्हती, घाम नव्हता. केंडाच्या विषात ओठ-जीभ बधिर होतात, मुंग्या येतात; त्याला टाचणी नीट कळत होती. अक्षतंतू शाबूत.

उरलं शेवटचं टोक.

आकृतीत आपण हे टोक दोन-तीन फाट्यांनी उरकतो. वर्गात मी पाहिलंय, मुलं पेशीकाया सुबक काढतात, केंद्रक ठळक करतात, मायलिनचे मणी ओवतात आणि टोकाशी आल्यावर पेन्सिल झटकतात. मला वाटतं, शिकवण्यातली ही मोठी चूक आहे. माणसाचा श्वास या टोकावर टांगलेला असतो.

अक्षतंतू स्नायूला चिकटत नाही. मध्ये फट असते, मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी. चेतापेशी एकमेकींना जोडलेलं अखंड जाळं आहेत की सुट्या, यावर गोल्जी आणि काहाल या शास्त्रज्ञांचा कडाक्याचा मतभेद होता. 1906 चं नोबेल दोघांना वाटून मिळालं, आणि पुढे काहाल बरोबर ठरले. पेशी सुट्या असतात. आवेग टोकाशी येतो तेव्हा वीज तिथेच संपते. टोकाच्या आत ॲसिटाइलकोलिन हे निरोप नेणारं रसायन भरलेल्या सूक्ष्म पुड्या रचून ठेवलेल्या असतात. पुस्तकात त्यांना पुटिका म्हणतात. एकेका पुडीत काही हजार रेणू. आवेग आला की टोकाच्या पडद्यातून कॅल्शियम आत येतं, काही पुड्या पडद्याला चिकटून फुटतात, ॲसिटाइलकोलिन फटीत सांडतं, पलीकडे स्नायूवरच्या ग्राहींवर (रिसेप्टर) बसतं आणि स्नायू आकसतो. लगेच एक विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करून जागा मोकळी करतं. हे सगळं काही सहस्रांश सेकंदांत.

म्हणजे या टोकाशी तीन प्रकारे घोटाळा होऊ शकतो. पुड्याच सुटल्या नाहीत, किंवा पलीकडच्या ग्राहींवर दुसरंच कोणी जाऊन बसलं, किंवा साफसफाई करणारं विकर थांबलं. तिसरा प्रकार भातावर फवारायच्या कीटकनाशकाचा; त्यात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फुरफुरतात, अंगाला वास येतो. यातलं काही नव्हतं. दुसरा प्रकार नागाचा, पण नाग चावला की बहुधा दुखतं, सुजतं, आणि माणूस रात्रभर झोपून राहत नाही. पहिल्या प्रकारात शिळ्या, बंद डब्यातल्या अन्नाची विषबाधा येते. पण नैवेद्याचं ताट घरातल्या चाळीस माणसांनी जेवलं होतं.

जमिनीवर झोपलेला माणूस, पावसाळी रात्र, न दुखणारा चावा, पहाटे पोटात कळ, मग पापण्या. हे मण्यारीचं वर्णन आहे. काळपट निळसर, बारीक पांढऱ्या पट्ट्यांचा हा साप रात्रीच फिरतो. माझ्या मते ती मण्यारच होती. फुरसं किंवा घोणस यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं; ते नाहीत याची खात्री करायला काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवलं. ते व्यवस्थित गोठलं.

पण गोठण्याची वाट बघत मी थांबलो नव्हतो. 6:55 लाच प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या काढल्या. भारतात मिळणारं हे प्रतिविष चार सापांवर चालतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. कुपीत पांढरी भुकटी असते, ती दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवायची. इथे घाई झाली की माणूस कुपी खळाखळा हलवतो आणि आत फेस होतो. ती तळव्यांत धरून घोळवावी लागते, हळू, लोणी काढताना रवी फिरते तशी. दोन सिस्टर समोरासमोर बसून एकेक कुपी घोळवत होत्या आणि दारात उभ्या आईला वाटत होतं की आम्ही वेळ घालवतोय. तिला मी हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

सोबत निओस्टिग्मिन देऊन पाहिलं, आधी ॲट्रोपिन. हे औषध साफसफाईचं विकर रोखतं, म्हणजे फटीत सांडलेलं ॲसिटाइलकोलिन जास्त वेळ टिकतं. नागाच्या विषात पुड्या सुटत असतात, फक्त ग्राही अडलेले असतात. तिथे याने पुष्कळदा पापण्या वर जातात. मी पट्टी लावून पापण्यांतली फट मोजली, 3 मिलिमीटर. अर्ध्या तासाने पुन्हा मोजली, 3 मिलिमीटर. टोकातून काही सांडतच नसेल तर टिकवणार काय?

7:50 ला त्याने श्वासात 8 पर्यंत मोजलं. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणालो, "बाळा, तुझा मेंदू ठीक आहे, छाती थकलीय. नळी घालून आम्ही तुझ्यासाठी श्वास घेणार. कळलं तर अंगठा हलव." अंगठा हलला. 8:05 ला श्वासनलिकेत नळी गेली, 8:20 ला गाडी निघाली. दीड तासाची वाट, मिनिटाला 12 वेळा आंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबायची. हजारावर दाब होतात. काका आणि आमचा वॉर्डबॉय आळीपाळीने दाबत गेले. काका पहिल्यांदा घाबरून जोरात दाबत होते. वॉर्डबॉयने त्यांच्या हातावर हात ठेवून लय दाखवली, मग जमलं.

मोठ्या रुग्णालयात व्हेंटिलेटर लागला, प्रतिविषाचा दुसरा हप्ताही झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी वडिलांचा फोन आला. मुलगा अजिबात हलत नव्हता, गुडघ्याचे प्रतिक्षेपही गेलेले, बाहुल्या मोठ्या होऊन प्रकाशाला दाद देत नव्हत्या, आणि रात्रपाळीच्या कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की मेंदू गेलाय, आशा ठेवू नका. ते म्हणाले, "औषध दिलं ना तुम्ही? मग उतरलं का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर पुन्हा त्या टोकातच आहे. मण्यारीच्या विषातला जो घटक जबरी आहे, त्याच्या जातीचं विष 1963 साली तैवानमध्ये चँग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीपासून वेगळं केलं, बीटा-बंगारोटॉक्सिन. ते अक्षतंतूच्या टोकाला पकडतं, पुड्यांचा साठा रिता करतं आणि नुसतं तेवढ्यावर न थांबता टोकच मोडून टाकतं. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला धरतं. मोडलेलं टोक ते जोडू शकत नाही. म्हणून ते लवकर द्यायचं, आणि म्हणूनच ते दिल्यावरही माणूस दिवसेंदिवस लुळा राहू शकतो. बाहुली लहान करणारा स्नायूसुद्धा अशाच चेतांच्या टोकांवर चालतो. मण्यारीच्या रुग्णात मोठ्या, स्थिर बाहुल्यांवरून मेंदूचा निवाडा करायचा नसतो. त्याला हलता येत नाही, एवढंच. ऐकू येतं.

मी वडिलांना हे सगळं फोनवर सांगितलं आणि तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांशीही बोललो. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही काही काढत नाही. टोकं यायची वाट बघतोय." मला फार बरं वाटलं. वडिलांना म्हटलं, त्याच्याशी बोलत राहा, आणि त्याच्यासमोर वाईट काही बोलू देऊ नका कोणाला.

टोकं येतात कशी? पेशीकाया जिवंत असते. निस्सल कण प्रथिनं बनवत असतात आणि अक्षतंतूच्या आत, सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून, तो माल टोकाकडे निघालेला असतो. जलद वाहतूक दिवसाला 400 मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे मानेतून श्वासपटलापर्यंतचं अंतर एका दिवसाचं. उंदरांना मण्यारीचं विष देऊन केलेल्या अभ्यासात 24 तासांत स्नायूंवरची टोकं उद्ध्वस्त झाली होती, तीन ते पाच दिवसांत नवी फुटायला लागली आणि आठवड्याभरात बहुतेक जोडण्या परत आल्या. कोपरात कोयत्याने चेता तुटली तर ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते, बोटांपर्यंत पोहोचायला महिने लागतात. पेशीकाया मेली तर काहीच परत येत नाही. तिन्हींत हात लुळाच दिसतो. वडिलांना मी कलमाचं उदाहरण दिलं, त्यांची बाग आहे: शेंडा खुडलाय, खोड आणि मूळ शाबूत आहे.

पाचव्या दिवशी सकाळी उजव्या हाताचा अंगठा हलला. सहाव्या दिवशी भुवया, मग खांदे. सातव्या दिवशी व्हेंटिलेटर सुटला. पापण्या पूर्ण उघडायला आणखी दोन दिवस लागले.

अकराव्या दिवशी घरी जाताना ते सगळे आमच्या रुग्णालयात थांबले. त्याने मला सांगितलं की त्याला बरंच ऐकू येत होतं. "मेंदू गेला" हे वाक्य त्याने ऐकलं होतं. त्यानंतर आजी कानाशी येऊन रोज संध्याकाळी आरती म्हणायची, तिच्यावरून तो दिवस मोजत होता. ते ऐकताना मला माझा आवाज सांभाळावा लागला. मुलाचं वय 17, शुद्ध पूर्ण, आणि "मी इथे आहे" एवढं सांगायला अंगात एक टोकही चालू नाही.

घरी मी स्वतः जाऊन आलो. लाकडांची रास खळ्याच्या पार पलीकडे हलवायला लावली, उडवीजवळ रात्री बॅटरीशिवाय जायचं नाही हे पोरांना बजावलं. सगळ्यांना खाटा पुरणार नाहीत हे मलाही कळतं. पण जमिनीवर झोपायचंच असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा चटईखाली चारी बाजूंनी घट्ट खोचायच्या. डासांसाठी घेतलेली ती मच्छरदाणी मण्यारीलाही बाहेर ठेवते. आणि पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या, तर खूण शोधत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

दिवाळीत तो तपासणीला आला. आवाज स्वच्छ, मान घट्ट. रात्री उशिरापर्यंत वाचलं की डोळे थोडे थकतात म्हणाला. मी त्याला एक मोठा श्वास घेऊन मोजायला सांगितलं. आजी शेजारी बसून ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर मोजत होती. 14 आले, गेले. तो 38 ला थांबला.